पथ्याचं उद्यापन

नागपूरला मी सहा दिवस होते आणि तेवढ्यात माझं वजन दीड किलोनं वाढलं. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण मी तिथे गेले होते कुपोषणाच्या प्रशिक्षणाला. परतीच्या गाडीतून कराडला उतरले तेव्हा नवऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "शिकवलं वाटतं मन लावून."

मी डॉक्टर आहे. कराडात बावीस वर्षं माझा दवाखाना आहे. आजारी माणसाच्या पोषणावर डॉक्टरांसाठी आठवड्याचा वर्ग नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात भरणार असल्याचं पत्र आलं, तेव्हा खरं सांगते, विषय मी नंतर वाचला. आधी वाचलं ते 'नागपूर'. जानेवारी महिना, संत्र्यांचे दिवस, आणि ते शहर मी कधी पाहिलेलं नव्हतं. खाण्यात शिकायचं काय, असंही मनात होतंच. जन्मापासून खातेच आहे की.

प्रवासाबद्दल एवढंच सांगते की तो संपला. स्टेशनाबाहेर आले तर हवेत चांगलाच गारठा, रस्ते ऐसपैस, झाडं भरपूर आणि डोक्यावर आभाळच आभाळ. आमच्याकडे नजर कुठेही टाका, ती कुठल्या तरी डोंगराला जाऊन अडते. इथे तिला अडवणारं कोणी नाही. रिक्षात बसल्या बसल्या मी एक संत्रं सोललं, दुसरं सोललं, आणि हॉस्पिटल येईपर्यंत माझ्या मांडीवर सालींचा ढीग झाला होता.

सोमवार: नऊ गुण

वर्गात आम्ही चौदा डॉक्टर होतो. माझ्या शेजारी डॉ. ढोबळे बसले होते, पारशिवनीत दवाखाना चालवणारे, गोल चेहऱ्याचे, सदा घाम पुसणारे, थंडीतही. ते रोज गावाहून गाडी चालवत यायचे आणि रोज उशीर व्हायचा आणि रोज कारण तेच. "कन्हानच्या पुलावर अडकलो ना मॅडम."

शिकवणाऱ्या वंदना मॅडम आहारतज्ज्ञ होत्या. बारीक चणीच्या, बारीक आवाजाच्या, आणि आल्या आल्या त्यांनी आम्हाला पेपर वाटला. पंचवीस गुणांचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसाला प्रथिनं किती लागतात? कित्येक आठवडे अर्धपोटी असलेल्या माणसाला खायला घालायची सुरुवात कशी करायची? असे प्रश्न. मी पेन तोंडात धरून खिडकीबाहेर पाहत बसले. मला जाणवलं की एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांत यावर मिळून दोन-तीन तास झाले असतील, आणि त्यातल्या एका तासाला मी सिनेमाला गेले होते.

मला नऊ मिळाले. ढोबळेंना सात.

"मॅडम, तुमी तं टॉपर निघाल्या!" ते मनापासून म्हणाले.

शेवटचा प्रश्न होता, 'हलका आहार म्हणजे काय, एका वाक्यात लिहा.' वंदना मॅडमनी सगळ्यांची उत्तरं मोठ्यानं वाचली. कोणी पेज लिहिली होती, कोणी खिचडी, कोणी फळं, कोणी ब्रेड. एका हाडांच्या डॉक्टरांनी कच्ची कोशिंबीर लिहिली होती. ढोबळेंनी लिहिलं होतं, 'मिसेस मला देते ते.' मी मुगाच्या डाळीचं पाणी लिहिलं होतं. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

"हे तुम्ही दिवसातून वीस वेळा सांगता," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "घरी जाऊन पेशंट त्याचं काय करतो, हे कोणी विचारलंय?"

मी सगळ्यांत जास्त हसत होते, कारण कराडला माझ्या टेबलावर या वाक्याचा रबरी शिक्काच आहे. 'हलका आहार. तेलकट, तिखट वर्ज्य.' रोज लिहून हात दुखतो म्हणून मुद्दाम करून घेतलेला.

दुपारी जेवायला वडाभात होता. मोकळा भात, त्यावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि वरून लाल मिरचीची कडकडीत फोडणी. आमच्याकडे भातावर तूप वाढतात तेही विचारून. इथे फोडणीचं तेल वाढतात आणि विचारत नाहीत. मी दोनदा घेतला. मग प्रत्येकाला एकेक पेशंट नेमून दिला, आठवडाभरासाठी.

माझ्या वाट्याला आले देवाजीभाऊ. उमरेडचे, हातमागावर कापड विणणारे, साठीच्या जवळ आलेले. दोन महिन्यांपूर्वी आतड्याला पीळ पडला म्हणून त्यांचं तातडीनं ऑपरेशन झालं होतं, आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावली होती. ती काढून आतडं पुन्हा जोडायचं होतं. त्यासाठी दोनदा बोलावलं आणि दोनदा परत पाठवलं, कारण दर वेळी वजन आधीपेक्षा कमी. आता एकेचाळीस किलो. इतक्या अशक्त माणसाची जखम भरून येणार नाही, असं सर्जनसाहेबांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. शनिवारपर्यंत घसरण थांबली तर ठेवून घेऊ, नाहीतर घरी पाठवू, असं ठरलं होतं.

"पिशवीचा त्रास होतो का?" मी विचारलं.

"पिशवीचा नाही होत मॅडम. मागावर बसता येत नाही." त्यांनी पोटासमोर हात आडवा धरला. "इनलेलं कापड गुंडाळाचा दांडा इथं येते. पोटाले टेकून. पिशवी आन दांडा, दोन्ही एका जागी नाही मावत."

अंगठा आणि बोटाच्या चिमटीत त्यांनी हवेतला धागा ओढला आणि हात खाली ठेवला.

त्यांची बायको कमलाबाई पलंगाशी उभी होती, डोक्यावर पदर, हातात स्टीलचा डबा. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी 'जेवलात का' असं विचारलं नाही. काल सकाळपासून काय काय आणि किती वाट्या, असं विचारलं.

"दाळीचं पानी," कमलाबाई म्हणाल्या. "सकाळी एक गिलास, संध्याकाळी एक. मधात पेज. चहासंगं दोन बिस्किटं."

मी कागदावर लिहिलं, 'भूक मंदावली आहे', आणि भूक वाढवायचं सिरप सुचवलं. वंदना मॅडमनी कागद परत दिला तेव्हा त्यावर लाल पेनानं एक प्रश्नचिन्ह होतं. चांगलं मोठं.

मंगळवार: फाटकाबाहेर

मंगळवारी वर्गाचा नियम होता की आपला पेशंट जे खातो तेच आपण दिवसभर खायचं. वडापाव खाणाऱ्या मधुमेह्याचे डॉक्टर खुशीत होते. मला सकाळी एक ग्लास डाळीचं पाणी मिळालं. पिवळसर, कोमट, त्यात डाळ शोधायला भिंग लागलं असतं.

दहा वाजता मला वाटलं, जमतंय की. अकराला पडद्यावर प्रथिनांचा धडा सुरू झाला आणि त्यात उकडलेल्या अंड्याचं चित्र इतकं मोठं होतं की मी डोळे मिटून घेतले. एकला पेज. तीनला मी ढोबळेंच्या अंगावर कारण नसताना खेकसले. चारला मी बॅग उचलली, "फोन करून येते" म्हटलं आणि फाटकाबाहेरच्या पोह्यांच्या गाडीवर जाऊन उभी राहिले.

तर्रीपोहे म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा लाल, झणझणीत रस्सा ओततात, वर कांदा आणि चिवडा. आमच्याकडे पोहे हा सभ्य पदार्थ आहे, पाहुण्यांपुढे ठेवायचा, लिंबाची फोड आणि खोबरं घालून. हे पोहे अजिबात सभ्य नव्हते. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि मी दुसरी प्लेट सांगितली.

दुसऱ्या प्लेटचा पहिला घास तोंडात आणि समोर कमलाबाई. चहा न्यायला आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, प्लेटकडे पाहिलं. नियम त्यांनाही ठाऊक होता, सकाळचं डाळीचं पाणी मला त्यांनीच डब्यातून ओतून दिलं होतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमाले एक दिवस नाही निभला."

माझं तोंड भरलेलं होतं.

"त्यायले दोन महिने झाले." आवाजात राग नव्हता. असला तर नवऱ्याचा थोडा अभिमानच होता.

मी घास गिळला. "पण त्यांना भूकच लागत नाही ना?"

"कोन म्हनते? पोराकडं मटन शिजलं का हे आंगनात जाऊन बसते. वास सहन नाही होत. तोंडाले पानी सुटते ना."

"मग खात काहून नाहीत?" 'का'ऐवजी माझ्याही तोंडून 'काहून' गेलं.

"पथ्य हाय ना, मॅडम!" मला एवढंही कळू नये याचं त्यांना नवल वाटलं. "ऑपरेशन झाल्यावर मोठ्या डॉक्टरनं सांगतलं, हलकं खा, तेल-तिखट बंद. चालू केलं त्यायनं. आता सोडा असं कोनी सांगतलंच नाही. सोळा सोमवार धरले तं उद्यापन करा लागते का नाही? मधातच सोडलं आन त्यायले काही झालं तं?"

दोनदा हॉस्पिटलात बोलावणं, किती डॉक्टर, किती कागद. प्रत्येकानं वजन लिहिलं, प्रत्येकानं मान हलवली. आणि प्रत्येकाला वाटलं, खाण्याचं दुसऱ्या कोणी सांगितलं असेल. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. आणि त्याच क्षणी असा आनंद झाला की मी कमलाबाईंचा हात धरून फाटकातून आत पळत सुटले. पोहेवाला मागून पैशांसाठी ओरडत होता. पैसे द्यायला परत पळत गेले.

"भूक मंदावलेली नाही!" मी वंदना मॅडमच्या खोलीत जवळजवळ ओरडलेच. "पथ्य आहे! नुसतं पथ्य आहे!" तोवर मी ढोबळेंना फोन करून पाटवडी आणि रस्सा आणायलाही सांगितलं होतं. बेसनाच्या जाड वड्या, दाट रस्सा, देवाजीभाऊंना आजच्या आज पोटभर घालायचं म्हणून.

मॅडम ऐकत होत्या. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "प्रश्न नववा."

"काय?"

"पेपरातला. तुमचा चुकला होता."

मग त्यांनी समजावलं. इतके दिवस अर्धपोटी असलेल्या माणसाला एकदम भरपेट घातलं तर रक्तातले क्षार झपाट्यानं खाली येतात आणि हृदय दगा देऊ शकतं. आधी रक्त तपासायचं, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं, मग थोडं थोडं, रोज मोजून वाढवायचं. मी खुर्चीत बसले. माझ्या उत्साहानं त्या माणसाचा जीव धोक्यात गेला असता.

ढोबळे पाटवडी घेऊन आले. ती आम्ही दोघांनी खाल्ली. दीड किलोचा हिशेब कोणाला हवा असेल तर सुरुवात इथून करावी.

बुधवार: पहिला घास

रक्ताचे रिपोर्ट ठीक आले, इंजेक्शन झालं. दाट वरण, मऊ भात, वर चमचाभर तूप, अर्धी वाटी, असं ठरलं. आता अडचण एकच. कमलाबाई ऐकेनात.

"तुमी सोडा म्हनता, तुमी चांगल्या आहात. पन ज्यायनं धरवलं, त्यायनंच सोडवावं ना."

देवाजीभाऊंनीही मान हलवली. वाटी समोर, वाफ निघतेय, आणि माणूस भिंतीकडे पाहतोय. इतका निग्रह मी दिवाळीच्या फराळासमोर एक मिनिटही दाखवलेला नाही.

पथ्य धरवलं होतं सर्जनसाहेबांनी, आणि ते म्हणजे घाईतला माणूस. त्यांचा राऊंड वॉर्डातून वाऱ्यासारखा जायचा. मी आणि ढोबळे दारातच उभे राहिलो. ढोबळे उभे राहिले की दार भरतं, याचा त्या दिवशी फार मोठा उपयोग झाला.

"मी?" साहेब म्हणाले. "दोन महिने? अहो, मी चार दिवसांपुरतं म्हटलं असेन."

"चार दिवस नाही म्हनले साहेब," कमलाबाई पदर सावरत म्हणाल्या. "मी होती ना तिथंच."

हे मी साहेबांबद्दल मुद्दाम लिहून ठेवते, की त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग देवाजीभाऊंच्या हातांकडे पाहिलं, नुसती हाडं राहिलेल्या. एक स्टूल ओढलं आणि पलंगापाशी बसले.

"देवाजीभाऊ, चुकलं आमचं. तुमचं पथ्य संपलं."

कमलाबाईंनी वाटी साहेबांच्या हातात दिली. शेजारच्या पलंगांवरचे पेशंट उठून बसले होते. साहेबांनी वरण-भात कालवला, चमचा भरला आणि देवाजीभाऊंच्या तोंडाशी धरला. त्यांनी कमलाबाईंकडे पाहिलं. कमलाबाईंनी हात जोडले. मग त्यांनी तोंड उघडलं, घास घेतला आणि इतक्या सावकाश चावला की शेजारचे पेशंट माना पुढे काढून पाहत राहिले.

"कसं आहे?" मी विचारलं.

"मीठ कमी हाय," देवाजीभाऊ म्हणाले.

वॉर्ड हसला. साहेब हसले. ढोबळे घाम पुसता पुसता डोळेही पुसत होते.

गुरुवार, शुक्रवार

एकदा उद्यापनाची बातमी फुटली आणि मग काय विचारता. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा म्हणाले, "मॅडम, माहं बी सोडवा ना, मी तं आंब्याच्या मौसमापासून धरून बसलो." आम्ही चौदा डॉक्टर वाट्या घेऊन वॉर्डभर फिरू लागलो. कोणाचं दूध बंद होतं, कोणाचा भात, एकाची सगळीच डाळ, आणि कोणाचं कोणी बंद केलं ते कोणालाच आठवत नव्हतं. देवाजीभाऊंची अर्धी वाटी पाऊण झाली, मग एक. एक अंडं आलं, मग दोन. शेंगदाण्याचं कूट वरणात गेलं.

गुरुवारी ढोबळे मला सावजी जेवायला घेऊन गेले. मटणाचा काळपट रस्सा, वर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला मी म्हणाले, "एवढं काही तिखट नाही." तिसऱ्या घासाला मला बोलताच येईना. ढोबळेंनी वेटरला हाक मारली, "भाऊ, मॅडमले ताक आन गा, लवकर!" कोल्हापूर हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसाला ही वेळ यावी.

दुपारी हे देवाजीभाऊंना सांगितलं तर ते उशीवर सरळ होऊन बसले.

"मसाल्यात खसखस होती का जवस?"

"ते नाही कळलं."

"रस्सा दाट होता का पातळ? हाडाचा तुकडा आला का नळीचा?"

मी आठवून आठवून सांगत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. "आमच्या घरचा याच्यापेक्षा भारी असते," शेवटी ते म्हणाले. "काय वं, खरं हाय का नाही?"

"आधी पिशवी निघू द्या," कमलाबाई म्हणाल्या, पण हसत.

शनिवार: काटा

सकाळी आठला वजन. मी साडेसातलाच काट्यापाशी जाऊन उभी होते. काल नाश्त्याला काय खाल्लं हेही मला आठवत नव्हतं, एवढी धडधड दहावीच्या निकालालाही झाली नसेल. कमलाबाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या. देवाजीभाऊंनी चपला काढल्या, खिशातला रुमालही बाहेर काढून माझ्या हातात दिला. लबाडी नको म्हणून.

एकेचाळीस किलो सहाशे.

मी ढोबळेंना मिठी मारली. त्या दिवशी ते पुलावर अडकले नव्हते. वंदना मॅडमनी काटा पुन्हा तपासला, पुन्हा उभं केलं. एकेचाळीस सहाशे. यात थोडं पाणीही असेल, असं त्या म्हणाल्या, पण घसरण थांबलीय. सर्जनसाहेबांनी कागदावर लिहिलं की ठेवून घ्या, तीन आठवडे असंच खाऊ घाला, मग ऑपरेशन.

निघताना देवाजीभाऊंनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या गावात तुमी बी लोकायले हलकं खा म्हनता का?"

"कधीकधी," मी म्हणाले.

सहा दिवसांत मी बोललेलं ते एकच खोटं. तर्रीपोह्यांच्या वेळचा फोन धरला तर दोन.

कराड

सोमवारी दवाखाना उघडला तर शिक्का टेबलावर, शाईच्या डबीवर पालथा. मी तो खणात टाकला आणि जुन्या पेशंटांची वही काढली. रोज दुपारी फोन. "काय खाताय सध्या? कालपासून सांगा, वाट्यांत." लोकांना वाटलं, बाईंना नागपूरचं ऊन लागलं. जानेवारीत.

चौथा फोन सुलोचनाबाईंना. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे आल्या होत्या, दोन हिवाळ्यांपूर्वी.

"तब्येत उतरलीय जरा," त्या म्हणाल्या. "पण तुमचं पथ्य अगदी काटेकोर पाळतेय हं. तेलाचा थेंब नाही. तुम्ही कुठं सांगितलंत सोडा म्हणून?"

संध्याकाळी मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. वरण, भात, तूप. मीठ नीट घातलेलं. ज्यानं धरवलं त्यानंच सोडवायचं असतं, हे आता मला ठाऊक होतं. पहिला घास मी भरवला तेव्हा त्या ओशाळल्या, आणि मग आम्ही दोघीही थोड्या रडलो.

महिन्याभरानं एके दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज ओळखीचा.

"मॅडम, देवाजी बोलून राहिलो. पिशवी निघाली! आज सुट्टी भेटली."

मी खुर्चीतून उठलेच. जखम कशी आहे, जुळलं का, ताप नाही ना, सगळं एका दमात विचारलं.

"सगळं बेस. पन आयका ना. निघताना साहेब आदतीनं म्हनले, हलकं खा म्हनून. मी खाटेवरून उठलोच नाही. म्हनलं साहेब, हलकं म्हंजे काय आन कोन्त्या तारखेपरेंत, दोन्ही लिहून द्या. बसले साहेब लिहाले! कमला हासून हासून बेजार." मागे कमलाबाईंचा आवाज होता, काहीतरी सांगत होत्या. "तारखेच्या दुसऱ्या दिवशी मागावर बसतो, असं सांगा म्हनते."

मी नुसती हसत होते, नाक पुसत होते.

"मॅडम," देवाजीभाऊ म्हणाले, "तुमच्या गावातले किती जन सोडवले?"

म्हणजे शनिवारचं माझं खोटं त्यांनी ओळखलंच होतं.

"सतरा," मी म्हणाले.

"आन राह्यले किती?"

टेबलावर बावीस वर्षांच्या वह्या होत्या. त्यातली तिसरी उघडी होती.

"शोधून राहिली, देवाजीभाऊ," मी म्हणाले. "शोधून राहिली."